दोन रेघांची वायर

शकुताई प्रधानांनी ज्याच्यावर पहिल्या भेटीत विश्वास ठेवला असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आम्ही लंडनजवळ पिनरला राहायला गेलो त्याच आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या. साडीवर जाड कोट, पायात बूट, हातात स्टीलचा डबा. आमच्या यांनी हौसेने दाराशी 'जोशी' अशी पाटी लावली होती, तिच्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही तुमचीच ना? की आधीच्या लोकांची राहिलीय?"

आमचीच आहे असं मी सांगितलं. मग त्यांनी मला जरा वेळ न्याहाळलं आणि डबा पुढे केला. आत नारळाच्या वड्या होत्या, आणि त्या उत्तम होत्या हे कबूल करायलाच हवं. पण दुसऱ्या दिवशी डबा परत न्यायला आल्या तेव्हा झाकण उलटसुलट करून उजेडात धरलं. "नाही, आमचंच आहे," म्हणाल्या. "लोक झाकणं बदलतात." मला असा राग आला होता! यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही असं मी त्या दिवशी ठरवलं होतं. पुढे त्यांच्या स्वैपाकघरात माझे किती कप चहा झाले, ते सांगण्यात अर्थ नाही.

नोकरी त्या एका हॉस्पिटलात करायच्या, लोकांचे कान तपासायची. संशयी माणसाला देवाने याहून योग्य काम दिलं नसतं. एका लहानशा बंद खोलीत पेशंटला हेडफोन घालून बसवायचं आणि बारीक आवाज सोडून ऐकू येतंय का ते पाहायचं. शकुताईंचं म्हणणं असं की निम्मी माणसं बहिरी नसतातच, ती फक्त ऐकत नाहीत. एकदा एका कारखान्यातला धिप्पाड गोरा माणूस नुकसानभरपाईसाठी आला होता. कसलाही आवाज सोडा, तो ढिम्म. शकुताईंनी शांतपणे सगळी तपासणी संपवली, त्याच्याकडे पाठ केली आणि कागद आवरता आवरता ओठांतल्या ओठांत इंग्रजीत पुटपुटल्या, "मफलर विसरलात हो." दाराशी पोचलेला तो झटकन खुर्चीकडे वळला. ही गोष्ट त्या दर हळदीकुंकवाला सांगायच्या आणि सांगून झाल्यावर समोर बसलेल्या प्रत्येकीच्या कानांकडे एकदा बघायच्या.

आमच्या मराठी मंडळाची साउंड सिस्टिम त्यांच्याकडे असणं ओघानेच आलं. सिस्टिम म्हणजे एक अँप्लिफायर, दोन माइक, एक टेपरेकॉर्डर आणि वायरींनी भरलेली सूटकेस. गणपती असो, दिवाळी असो, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये स्टेजच्या कडेला घडीच्या खुर्चीवर शकुताई हेडफोन लावून बसलेल्या असायच्या. सूटकेसला कुलूप. तेवढ्यावर भागत नसे, म्हणून प्रत्येक वायरीची गुंडाळी त्या शिवणाच्या दोऱ्याने बांधायच्या आणि गाठ मारायच्या ती स्वतःची. गाठ वेगळी दिसली की संपलंच. "कोणीतरी वायरला हात लावलाय," असं त्या म्हणाल्या की कार्यकर्ते जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

आणि अशा बाईचा नवरा कोण, तर मधुभाऊ! कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत नोकरी, तोंडावर कायम हसू, घराचं दार सताड उघडं. दूधवाला, पोस्टमन, धर्माची पुस्तकं विकायला आलेले दोन तरुण, सगळ्यांना आत बोलावून चहा. शकुताई म्हणायच्या, "ते कोणावर संशय घेत नाहीत, म्हणून मला दोघांच्या वाटचा घ्यावा लागतो." मधुभाऊ आमच्या मंडळाचे कायमचे निवेदक. आवाज असा भरदार की 'नमस्कार मंडळी' म्हटलं की मागच्या रांगेतल्या बायकाही साड्यांच्या गप्पा थांबवायच्या. कोणाच्याही पोराने पेटीवर कसंबसं एक गाणं वाजवायचं असलं तरी मधुभाऊ त्याला असं काही स्टेजवर आणायचे की गाणं संपेपर्यंत आम्हाला खरोखरच कोणी मोठा कलावंत आल्यासारखं वाटायचं.

हे सगळं त्या टेपरेकॉर्डरवर साठवलं जायचं, पण शकुताईंची एक तक्रार होती. हेडफोन लावला की रेकॉर्डिंग नुसतं डाव्या कानात यायचं. उजवा कान ठार. सेक्रेटरी देसाई म्हणायचे, "अहो, एका बाजूला येतंय ना? चालतंय."

"चालतंय म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही," शकुताई घरी येताना मला म्हणाल्या. "वायर याने बदललीय. पूर्वी दोन्ही कानांत यायचं."

पूर्वी कधी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग मधुभाऊंचा घसा बसला. सर्दी झाली असेल म्हणून चार दिवस हळद-दूध झालं, मग डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल. गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल पण आवाज जाईल, असं स्पेशालिस्टने सरळ सांगून टाकलं. शकुताईंनी त्याच्यावर संशय घेतला, दुसरा गाठला, त्याच्यावरही घेतला. तिसऱ्यानेही तेच सांगितल्यावर घरी येऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "नंदूला सातवा लागलाय."

नंदिनी त्यांची एकुलती एक मुलगी, एडिनबराला नोकरीला. पहिलं बाळंतपण. या बाळाला आजोबा दिसतील, पण ऐकू येणार नाहीत. ऑपरेशनच्या आधी मधुभाऊंचा आवाज टेप करून ठेवायचा, एवढाच एक मार्ग होता. घसा बसलेला असला तरी सकाळी गरम पाणी पिऊन थोडा वेळ तो बऱ्यापैकी सुटायचा. शकुताईंनी रविवार ठरवला, आम्हा चारसहा घरांना बोलावलं. समोर माणसं असली की मधुभाऊंना बोलायला हुरूप येतो, म्हणून.

या कामाला मंडळाची ती एककानी वायर चालणार नव्हती. त्या स्वतः जाऊन दुकानातून नवी घेऊन आल्या. जुन्या वायरीच्या प्लगवर एक काळी रेघ होती, नवीवर दोन. "ही बघ," मला दाखवत म्हणाल्या, "एक रेघ म्हणजे एक कान, दोन रेघा म्हणजे दोन कान." देसाई जरा कचरत म्हणाले, "शकुताई, आधी एकदा ट्राय करून बघू या का? जुनी पण बरोबर आणलीय मी." त्यांनी देसाईंच्या हातातल्या वायरीकडे अशी नजर टाकली की त्यांनी ती खिशात घातली.

मधुभाऊ त्या दिवशी बोलले ते मी विसरणार नाही. गोष्ट सांगितली नाही की उपदेश केला नाही. मंडळात करायचे तेच केलं. खुर्चीवरून उठले, माइक धरला आणि म्हणाले, "नमस्कार मंडळी. आजच्या कार्यक्रमातले पुढचे कलाकार अजून मेकअपरूममध्ये आहेत. रियाज बराच झालाय असं त्यांच्या आईकडून कळतं, कारण लाथा जोरात बसतायत." मग न जन्मलेल्या नातवंडाची ओळख करून देत राहिले. घराणं कोणतं, नाक कोणावर जाण्याचा धोका आहे, आजी कशी आहे. "आजीला घाबरू नका," म्हणाले, "ती आधी झाकण तपासते, मग वडी देते." आम्ही हसून हसून डोळे पुसत होतो आणि ते डोळे नेमके कशाने भरलेत ते कोणी कोणाला विचारलं नाही.

शकुताई कोपऱ्यात हेडफोन लावून बसल्या होत्या. संपल्यावर थोडं मागे फिरवून ऐकलं. "दोन्ही कानांत येतंय," म्हणाल्या. मग थांबून, "जरा डोक्याच्या मागून आल्यासारखं वाटतंय. घसाच बसलाय त्यांचा." कॅसेट टेबलावर ठेवून त्या आम्हाला साबुदाण्याची खिचडी वाढायला गेल्या.

ऑपरेशन झालं. मधुभाऊ घरी आले ते गळ्याला रुमाल बांधून, हातात मुलांची खेळण्यातली पाटी घेऊन. लिहायचं, वर ओढून पुसायचं, पुन्हा लिहायचं. एका दुपारी मी वरण-भाताचा डबा घेऊन गेले होते. शकुताई म्हणाल्या, "थांब, आज लावते." कॅसेट झिजेल म्हणून त्यांनी ती तोवर पुन्हा लावलीच नव्हती. स्वैपाकघरातल्या खिडकीत त्यांचा एका स्पीकरचा छोटा टेप असायचा, त्यात घातली. बटण दाबलं.

नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या तळाशी कुठेतरी एक बारीक, घासलेला आवाज, शेजारच्या घरात कोणी बोलत असल्यासारखा. शब्द एकही लागेना. शकुताईंनी आवाज वाढवला, खरखर वाढली. मधुभाऊ टेपकडे बघत राहिले आणि त्यांचा हात आपोआप गळ्याच्या रुमालाकडे गेला. मला तिथे बसवेना.

नंदिनीचा फोन आला तेव्हा शकुताईंनी रिसीव्हर टेपला लावला. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्यासारखंच गोड आणि गडबडीचं. पलीकडून रडवेली विचारत होती, "आई, बाबाची आवाज कुठे गेला? डिड समवन वाइप इट?"

बस. त्या एका वाक्याने ठिणगी पडली.

कॅसेट टेबलावर होती, आम्ही सगळे तिच्या आजूबाजूला खिचडी खात होतो. म्हणजे त्या खोलीतला प्रत्येक जण गुन्हेगार. आता बोट कोणाकडे दाखवायचं एवढंच राहिलं होतं. नेमकी संक्रांत आलेली, घरोघरी हळदीकुंकू. शकुताई एकही घर न चुकवता गेल्या. वाण घ्यायचं, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणायचं आणि पर्समधून कॅसेट काढायची. "जरा तुमच्या टेपवर लावता?" म्हणत स्वतः मात्र टेपकडे न बघता यजमानांच्या तोंडाकडे बघत बसायचं.

पहिलं घर देसाईंचं. त्यांच्या बैठकीत या टोकाला एक आणि त्या टोकाला एक असे कपाटाएवढे स्पीकर. कॅसेट लावली आणि मधुभाऊ बोलायला लागले, स्वच्छ, ऐकू येईल असे. देसाईंना आनंद झाला, बिचारे टाळ्या वाजवायला लागले. शकुताई तडक माझ्याकडे आल्या. "त्याच्याच घरी बरोबर वाजतं! चोराला बरोब्बर माहीत असतं कसं वाजवायचं ते."

दुसरं घर गोखल्यांचं. त्यांच्याकडे एका स्पीकरचा जुना टेप, तिथे नुसती खरखर. शकुताई पुन्हा माझ्याकडे. "गोखल्यांचं तोंड बघायला हवं होतंस. पांढरंफटक!"

"अहो, पण देसाईंकडे वाजलं म्हणून ते चोर," मी म्हटलं, "आणि गोखल्यांकडे नाही वाजलं म्हणून ते?"

"दोघं मिळून असतील. कमिटीत एकत्र आहेत."

हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. गोखलेवहिनी रडल्या. देसाईंनी सेक्रेटरीपद सोडण्याची भाषा केली. कोणाकडे हळदीकुंकू असलं की प्रधानांना बोलवायचं की नाही यावर फोनाफोनी व्हायला लागली. मधुभाऊ पाटीवर 'जाऊ दे' लिहायचे, शकुताई ते त्यांच्या हातातून ओढून पुसायच्या. मला त्यांचा संताप यायचा आणि त्यांची दयाही यायची. कोणीतरी मुद्दाम पुसलं असेल तर त्याला धरून विचारता तरी येईल, तो आवाज परत मागता तरी येईल, असं त्यांना वाटत असावं. कोणीच काही केलेलं नसेल तर मागायचं कोणाकडे?

शेवटी माझं हळदीकुंकू. बायका गेल्यावर शकुताई थांबल्या. मी पर्सकडे बघून घेतलं आणि म्हटलं, "लावा." आमचं म्युझिक सेंटर चांगलं दोन स्पीकरचं, बाजूला हेडफोनची सोय, त्यामुळे मला धास्ती नव्हती. कॅसेट घातली. खरखर. तळाशी तो घासलेला, दूरचा आवाज.

शकुताईंनी माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांची ओळख, आणि त्या नजरेत त्यातलं काही नव्हतं. हळूच म्हणाल्या, "तू सुद्धा?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, "हो, मी सुद्धा! ज्याच्या घरी वाजत नाही तो गुन्हेगार असेल ना शकुताई, तर पहिलं घर तुमचं. सगळ्यात आधी तुमच्या स्वैपाकघरात वाजलं नाही!"

त्या खुर्चीवर बसल्या. हातातलं तिळाच्या वड्यांचं वाण मांडीवर तसंच होतं. मला वाटलं आता उठून जातील ते कायमच्याच. पण त्या म्हणाल्या, "हेडफोन आहे?"

हेडफोन लावून त्या म्युझिक सेंटरसमोर जमिनीवर बसल्या, नऊवारी असती तर कासोटा घट्ट केला असता अशा आवेशाने. एकेक बटण बघायला लागल्या. 'मोनो' लिहिलेलं, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारं एक बटण आत दाबलेलं होतं. आमचे हे रेडिओची खरखर कमी करायला ते दाबून ठेवायचे. शकुताईंनी ते बाहेर काढलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा दाबलं. पुन्हा काढलं. मग एक कान झाकला, मग दुसरा. पेशंट तपासत असाव्यात तशा.

"डावीकडे ते आहेत," त्या म्हणाल्या, जरा मोठ्याने, कारण कानावर हेडफोन होता. "उजवीकडेही आहेत. दोन्ही मिळवले की नाहीत."

"म्हणजे?"

"उलटं गेलंय गं. एका बाजूला आवाज जसाच्या तसा, दुसऱ्या बाजूला बरोबर उलटा. वेगळे ठेवले तर दोन्ही ऐकू येतात. एका स्पीकरमध्ये एकत्र आणले की एकमेकांना खाऊन टाकतात, मागे राहते नुसती खरखर. दोन रेघांचा प्लग अशा माइकला लावायचा असतो, पण दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी. आपल्या रेकॉर्डरला एका रेघेचीच वायर बरोबर होती. एका कानात येत होतं, पण खरं येत होतं." त्यांनी हेडफोन काढला. "डोक्याच्या मागून येतंय, हे मला त्याच दिवशी ऐकू आलं होतं. रोज लोकांचे कान तपासते मी."

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं आणि चहा टाकायला आत गेले. परत आले तर त्या रडत होत्या, पहिल्यांदाच. "कोणी पुसलं नाही," म्हणत होत्या. "आहेत ते. आहेत."

पुढचं काम सोपं होतं. देसाईंकडे बसून फक्त डाव्या बाजूचा आवाज नव्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना उतरवून घेतला. होय, देसाईंकडेच, आणि देसाईंच्या एका रेघेच्या वायरीने. माफी शकुताईंनी मागितली नाही. ती त्यांची रीत नव्हती. त्यांनी कॅसेटच्या प्रती काढल्या आणि एकेक प्रत त्या सगळ्या घरी नेऊन दिली जिथे संक्रांतीला चौकशी झाली होती. "तुमच्याकडे असू दे," गोखलेवहिनींना म्हणाल्या. "माझ्याकडे एकटीकडे ठेवायला माझा माझ्यावर भरवसा नाही." वहिनींनी ती कॅसेट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आणि त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

नंदिनीची तारीख जवळ आली तेव्हा दोघांनी एडिनबराला जायचं ठरवलं. बाळंतपणापुरतं म्हणून निघाले होते, पण मुलीने तिथेच ठेवून घेतलं आणि पिनरचं घर पुढे विकलं गेलं. कॅसेट पोस्टाने आधी पाठवावी असं मी सुचवलं होतं. पोस्टावर कोणी विश्वास ठेवतं का, असा प्रतिप्रश्न आला. नातू झाल्यावर नंदिनीने मला फोन केला. पलंगाशेजारच्या छोट्या टेपवर, एकाच स्पीकरवर, मधुभाऊंचा आवाज खणखणीत वाजत होता, तो मला फोनमधूनही ऐकू आला, आणि मधेच बाळाचं रडणं.

किंग्ज क्रॉस स्टेशनवर त्यांना सोडायला मी गेले होते, त्यानंतर आमची भेट झाली नाही. सामान लागलं, मधुभाऊ खिडकीशी बसले, गळ्याला स्वच्छ इस्त्रीचा रुमाल. शकुताईंना अर्थातच निघण्यापूर्वी एकदा कॅसेट तपासून बघायची होती. खिशातला छोटा टेप काढून त्यांनी कानाला हेडफोन लावला. मी बाहेर प्लॅटफॉर्मवर, मधे काच. त्या गंभीर चेहऱ्याने ऐकत होत्या, आणि एकदम खुदकन हसल्या, झाकणाचं वाक्य आलं असणार. मधुभाऊंकडे वळून हात हलवत काहीतरी म्हणाल्या, भांडल्यासारखं, खोटं खोटं. मधुभाऊंनी भुवया वर केल्या, कोणाशी बोलतेस म्हणून. शकुताईंनी आधी हेडफोनकडे बोट केलं, मग त्यांच्याकडे. मधुभाऊंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारलं, मी? शकुताईंनी मान डोलावली. गाडी हलली तेव्हा शकुताई त्यांच्याशी बोलतच होत्या.